कासेवरची गोचीड, अंगणातली गोचीड

१

ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभीच ज्ञानदेव दृष्टान्तांची एक मालिका मांडतात. परमात्मा इतका निकट असताना माणसे त्याच्याकडे पाठ का फिरवतात, हा तेथील प्रश्न आहे. उत्तरादाखल गोचीड येते. गाईच्या कासेत, कातड्याच्या पातळ आवरणापलीकडे, मधुर आणि पवित्र दूध भरलेले असते. त्याच कासेला गोचीड बिलगलेली असते. तरी ती दूध टाकून रक्तच पीत राहते. पाठोपाठ कमळाच्या सहवासात राहूनही चिखलच पदरी पडणारा बेडूक येतो, आणि घरात धन पुरलेले असताना उपाशी राहणारा अभागी माणूस येतो.

कर्जत परिसरातील आमच्या महाविद्यालयात हा भाग मी गेली पंधरा-सोळा वर्षे शिकवते आहे. शिकवण्याची रीतही ठरून गेली होती. ओवी वाचायची, तिच्यातील 'अशुद्ध' या शब्दाचा जुन्या मराठीतला अर्थ 'रक्त' आहे हे सांगायचे, मुलांच्या चेहऱ्यावर थोडे आश्चर्य उमटले की बेडकाकडे वळायचे. गेल्या वर्षी मात्र मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उठून उभा राहिला. खालापूर तालुक्यातल्या एका गावातून तो एस.टी.ने येतो. म्हणाला, "मॅडम, गोचिडीला दूध पिताच येत नाही. मग ती दूध नाकारते असं कसं म्हणायचं? आणि ती गाईच्या अंगावर असते तरी किती दिवस? राहते ती गोठ्यात."

वर्ग हसला. मी साहित्यशास्त्रातले ठेवणीतले उत्तर दिले: दृष्टान्त एकदेशी असतो, त्यातला प्रस्तुताला लागू होणारा तेवढाच अंश घ्यायचा, बाकीचा सोडून द्यायचा. त्याने मान डोलावली आणि तो खाली बसला. तास संपल्यावर समजले की श्रावणात त्यांची संकरित गाय गोचीडतापाने गेली होती. ताप चढला, खांद्यापुढच्या गाठी सुजल्या, चारा सुटला. गाय कर्ज काढून घेतलेली होती. गाय गेली आणि हप्ते मागे राहिले.

माझे उत्तर शास्त्राला धरून होते, यात शंका नाही. पण त्याने 'सोडून दिलेल्या' अंशाबद्दलच विचारले होते. गोचीड राहते कुठे, हा त्याच्या घरापुरता जीवनमरणाचा प्रश्न होता. त्या प्रश्नाच्या मागे लागल्यावर एक छोटासा इतिहास हाती आला. तो कर्जत-खालापूरच्या अंगणातून पुण्याच्या प्रयोगशाळांकडे आणि रसायनीच्या कारखान्याकडे जातो आणि पुन्हा अंगणात परततो. तो येथे मांडते आहे.

२

गोचिडीची मराठी भाषेतली जागा ठरलेली आहे. तिच्या नावाच्या पहिल्या अक्षरातच गाय उभी असल्यासारखी वाटते. 'गोचिडीसारखा चिकटला' हा वाक्प्रचार नको असलेल्या पाहुण्यापासून लाचखाऊ अंमलदारापर्यंत सर्वांना लावून झाला आहे. चिकटणे आणि रक्त पिणे या दोन क्रियांपलीकडे भाषेला तिच्यात रस नाही. म्हणजे भाषेतली गोचीड सदैव कुणाच्या तरी अंगावर असते. ती पोट भरून खाली पडल्यावर कुठे जाते, याची चौकशी वाक्प्रचार करत नाही. त्याचे ते कामही नव्हे.

ज्ञानदेवांवर मात्र हा आक्षेप घेता येणार नाही. कासेभोवतीची आणि मांड्यांच्या सांध्यातली कातडी मऊ, पातळ असते. गुरांवर गोचिडी जिथे हमखास सापडतात त्या जागांपैकी ही एक. कान, मानेखालची पोळी आणि शेपटीचे मूळ या दुसऱ्या जागा. दृष्टान्तातली जागा कल्पनेने निवडलेली नाही, पाहून निवडलेली आहे. तेराव्या शतकातील श्रोत्यांपैकी बहुतेकांच्या घरी गुरे असणार आणि त्यांच्या बोटांना ती जागा ठाऊक असणार. दृष्टान्ताचे बळ त्या ओळखीत आहे. आज तो शिकवताना आपण आध्यात्मिक अर्थ सांगतो आणि ओळख गृहीत धरतो. माझ्या वर्गात ती ओळख एकट्या त्या मुलाकडे होती.

३

जी गोष्ट त्या विद्यार्थ्याला गोठ्याने शिकवली, ती विज्ञानाच्या हाती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली. अमेरिकेच्या दक्षिण भागातून, विशेषतः टेक्सासमधून, उत्तरेकडे गुरांचे कळप जात, आणि त्यांच्या वाटेवरची उत्तरेकडची गुरे तापाने मरत. नवल असे, की दक्षिणेकडची गुरे स्वतः धडधाकट दिसत. गोचिडीमुळे हे होते असा गुराख्यांचा वहीम होता, पण विद्वान तो हसण्यावारी नेत. थिओबाल्ड स्मिथ आणि एफ. एल. किलबोर्न यांनी १८८९ पासून वॉशिंग्टनजवळच्या शेतावर प्रयोग आरंभिले. एका कुरणात दक्षिणेकडची गुरे अंगावरच्या सर्व गोचिडी हाताने वेचून मग सोडली. त्यांच्याबरोबर चरणारी उत्तरेकडची गुरे निरोगी राहिली. दुसऱ्या कुरणात दक्षिणेकडचे एकही जनावर नव्हते, नुसत्या गोचिडी पसरल्या होत्या. तिथे चरणारी गुरे आजारी पडली. १८९३ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. सस्तन प्राण्याचा रोग संधिपाद जीव पसरवतो याचा हा पहिला भक्कम पुरावा मानला जातो. रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला तो त्यानंतर चार वर्षांनी, १८९७ साली.

या प्रयोगात रोगाचा पत्ता बदलला, हे मला महत्त्वाचे वाटते. तोवर रोग जनावरात शोधला जात होता. आता तो कुरणात, म्हणजे जमिनीवर सापडला.

आपल्याकडची हालचालही त्याच काळातली आहे. मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ मध्ये सुरू झाले. १८८९ च्या डिसेंबरात पुण्यात 'इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी' स्थापन झाली. ती १८९३ मध्ये कुमाऊँतल्या मुक्तेश्वरला हलवण्यात आली. आजच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचे मूळ ते. बुळकांड्यासारख्या साथीने गुरे शेकड्यांनी मरत असताना त्या प्रयोगशाळेपुढे गोचिडीपेक्षा मोठी संकटे होती. तरीही पुढच्या काळात या परंपरेतून जे ज्ञान साचले, त्याचा सारांश असा देता येईल.

गुरांवर सर्रास आढळणारी गोचीड अंगावर साधारण तीन आठवडे राहते. फुगलेली मादी मग खाली पडते, आडोसा गाठते, दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. अंड्यांतून निघालेली सहा पायांची सूक्ष्म पिल्ले गवताच्या पात्यावर चढून वाट पाहतात. अन्नावाचून ती कित्येक आठवडे, अनुकूल हवेत महिनेही तग धरतात. गोचिडीची दुसरी एक जात आपल्या संकरित गाईंना मारणाऱ्या तापाचे, म्हणजे थायलेरिओसिसचे, जंतू वाहते. ती पिल्लाच्या अवस्थेत गाईवरून उतरते, गोठ्याच्या भिंतीच्या फटीत कात टाकते, आणि प्रौढ होऊन दुसऱ्या गाईवर चढते. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड तर तीन वेळा उतरते, तीन वेळा आडोसा शोधते, आणि भिंत चढून जाण्याची तिला आवड आहे. थोडक्यात, जनावराचे अंग हे गोचिडीचे जेवणाचे ठिकाण. बहुतेक आयुष्य ती जमिनीत, गवतात आणि भिंतीत काढते. मागच्या बाकावरून आलेले वाक्य तंतोतंत खरे होते.

४

आता कर्जत-खालापूरच्या जुन्या अंगणाकडे वळू. १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये कर्जत हा ठाणे जिल्ह्याचा तालुका आहे आणि खालापूर त्याचा पोटविभाग. पुढे हा भाग कुलाब्यात गेला आणि १९८१ मध्ये कुलाब्याचा रायगड झाला. सह्याद्रीच्या पायथ्याचा, वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणारा हा मुलूख. खाली भातखाचरे, वर वरकस माळ आणि जंगल. कुणब्यांची, आगऱ्यांची गावे, ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्या. भिंती कारवीच्या कुडाच्या, वरून माती-शेणाचा गिलावा. गोठा बहुधा घराला लागून, कित्येकदा त्याच छपराखाली.

अशा घरात गोचीड राहणार हे उघड आहे. तिला आवर घालणाऱ्या ज्या गोष्टी होत्या, त्यांतल्या निम्म्या गोचिडीसाठी केल्याच जात नव्हत्या. पावसाळा संपला की कुडाच्या भिंती नव्याने लिंपल्या जात, जमीन चोपून सारवली जाई. हेतू स्वच्छतेचा आणि सणाचा. पण लिंपण्याने फटी बुजत, आणि फट बुजली की गोचिडीचे बाळंतपणाचे घर बुजते. कोंबड्या पहाटे खुराड्यातून सुटत त्या थेट गोठ्यात शिरत आणि खाली पडलेल्या फुगीर माद्या टिपत. गायबगळे हेच काम माळावर करीत.

राबाचेही तसेच. भाताच्या रोपांसाठी उन्हाळ्यात वाफ्यावर शेण, झाडांचे टाळ, गवत आणि पालापाचोळा थरांनी रचून वर माती पसरायची आणि ते पेटवायचे, ही कोकणातली जुनी रीत. या राबासाठी जंगलातून टाळ तोडण्याचा हक्क हा ठाणे-कुलाब्यातला एकोणिसाव्या शतकातला फार मोठा तंटा होता. १८८५ मध्ये नेमलेल्या मुंबई वनआयोगाला त्यात बराच वेळ घालवावा लागला. जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये जंगलखात्याने शेतकऱ्यांची चराऊ राने बंद केल्याबद्दल संताप व्यक्त केला आहे, तोही याच दशकात. त्या तंट्यात गोचिडीचा संबंध नव्हता. पण राबाचा एक परिणाम मला दिसतो, तो अनुमान म्हणूनच नोंदवते. राबासाठी दर उन्हाळ्यात घराभोवतीचा आणि गोठ्यातला सारा पाचोळा, शिळे गवत, वाळके शेण उचलले जाई आणि जाळले जाई. पावसाच्या तोंडावर अंगण उघडे, कोरडे, उन्हाने तापलेले असे. गोचिडीची अंडी-पिल्ले ओलाव्यावर आणि सावलीवर जगतात. त्यांना त्या अंगणात राहणे अवघड गेले असणार.

उरलेल्या निम्म्या गोष्टी जाणूनबुजून केल्या जात, आणि त्या बायका-मुलांच्या हातच्या होत्या. माझे आजोळ खालापूर तालुक्यातले. औताला सुटी असली की आजी बैल आणि गाय अंगणात बांधायची, बोटांना राख लावून घ्यायची म्हणजे पकड सुटत नाही, आणि कानापासून शेपटीपर्यंत गोचिडी वेचायची. आम्हा मुलांकडे करवंटी धरण्याचे काम असे. करवंटीत चुलीतले निखारे असत. वेचलेली गोचीड त्यात टाकली की चट् असा आवाज होई, आणि आम्हाला त्याची मोठी मौज वाटे. एकदा माझ्या हातून करवंटी कलंडली तेव्हा आजीने मला अंगणात बसवून एक-एक गोचीड शोधायला लावली. "एक राहिली तरी पावसात हजार होतील," ती म्हणाली. अंड्यांचा आकडा आजीला कुणी सांगितला नव्हता. पण फेकलेली गोचीड मेलेली नसते, तिचे खरे काम खाली पडल्यावरच सुरू होते, एवढे तिला पक्के ठाऊक होते. वेचल्यावर ती कासेला, कानांना करंजेल चोळायची. संध्याकाळी निरगुडीच्या पाल्याचा धूर गोठ्यात कोंडला जाई. त्याने डास-माश्या हटत, गोचिडीचे फारसे काही बिघडत नसावे.

या जुन्या अंगणाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. गोचीड तेव्हाही होती. वासरे खंगत आणि मरत. आमच्या गावठी गाईला गोचीड सोसत होती हे खरे, पण ती दूध द्यायची शेर-दीड शेर. आणि रोजच्या रोज गोठा झाडणे, पंधरवड्याला सारवणे, वेचणे हे श्रम आजीच्या पाठीवर होते. या श्रमांची नोंद मी ज्या पुस्तकांवर वाढले त्यांत मला भेटली नाही. गोचीड आमच्या साहित्यात दृष्टान्त म्हणून आली, शिवी म्हणून आली. वेचणारे हात आले नाहीत.

५

हे श्रम कमी करण्याचे आश्वासन घेऊन पुडीतले औषध आले. डीडीटीचा कीटकनाशक गुण पाऊल म्युलर यांनी १९३९ मध्ये दाखवला. १९४८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम १९५३ मध्ये सुरू झाला आणि घरोघरी, गोठोगोठी फवारणी करणारी माणसे येऊ लागली. त्यांचे लक्ष्य डास होते. गुरांसाठी खेड्यांत पोचली ती बीएचसीची पांढरी भुकटी, लोकांच्या तोंडी 'गॅमेक्झिन'. आजीच्या राखेची जागा तिने घेतली. राखेत भुकटी मिसळून गाईच्या अंगाला चोळायची, उरलेली गोठ्यात भुरभुरायची. गोचिडी पटापट गळून पडत. वेचण्याचा दिवस संपला.

या कथेत खालापूरचा एक विशेष भाग आहे. डीडीटी देशात बनावे म्हणून केंद्र सरकारने १९५४ मध्ये 'हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्स' ही कंपनी स्थापन केली. तिचा एक कारखाना पुढे पाताळगंगेच्या काठी, खालापूर तालुक्यातल्या रसायनीला उभा राहिला. तिथे मॅलेथिऑन आणि डीडीटी बनत असे. म्हणजे ज्या तालुक्यात आजी करवंटीत निखारे घेऊन बसत होती, त्याच तालुक्यातून गोठ्यांवर आणि भिंतींवर मारायचे विष देशभर जाऊ लागले. गावातली कित्येक घरे रसायनीच्या कारखान्यांच्या पगारावर उभी राहिली, हेही सांगितले पाहिजे. विष म्हटले की आपण नाक मुरडतो; मलेरियाने पोरे गमावलेल्या पिढीने मुरडले नव्हते.

हिशेब नंतर झाला. बीएचसी आणि डीडीटी चरबीत साठतात, आणि दूध हा चरबीचा एक मार्ग आहे. देशातल्या दुधाच्या नमुन्यांत या दोन्हींचे अंश सापडू लागले. डीडीटीच्या शेतीतील वापरावर १९८९ मध्ये आणि बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली. नववा अध्याय शिकवताना आता मला हे आठवल्याशिवाय राहत नाही: रक्त पिणारीसाठी लावलेले विष कातड्याच्या त्याच पातळ आवरणातून पलीकडच्या दुधात उतरले.

दुसरा बदल गाईत झाला. १९७० मध्ये दुग्धविकासाचा 'ऑपरेशन फ्लड' कार्यक्रम सुरू झाला आणि पुढच्या दशकांत जर्सी, होल्स्टीन यांच्या संकरातून आलेल्या गाई लहान शेतकऱ्यांच्या गोठ्यात आल्या. दूध पाच-सहापट झाले. पण पिढ्यान्‌पिढ्या गोचिडीबरोबर राहून गावठी गाईने कमावलेली सहनशक्ती या गाईंकडे नव्हती. ज्या गोचिडींनी आजीची गाय नुसती खंगे, त्याच गोचिडींनी माझ्या विद्यार्थ्याची गाय पंधरा दिवसांत गेली.

तिसरा बदल अंगणाचा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ पर्यंत पूर्ण झाला आणि कर्जत-खालापुरात शनिवार-रविवारची घरे उगवली. वरकस माळावर हिरवळ आली, बाहेरच्या जातीचे कुत्रे आले. पाच दिवस बंद असलेले घर, कडेची दमट हिरवळ, फरशीच्या सांध्यातल्या फटी आणि राखणदाराचा व मालकाचा असे दोन कुत्रे, इतकी सोय तपकिरी गोचिडीला कुडाच्या घरात कधी मिळाली नव्हती. कोंबड्या तिथे नसतात, सारवण नसते, राब तर नाहीच.

ही गोष्ट मी दुरून सांगत नाही. आमच्याही घरी कुत्रा आहे. काही वर्षांपूर्वी त्याच्या अंगावर गोचिडी दिसल्या. आम्ही त्याला औषधी साबणाने धुतले, तीन आठवड्यांनी पुन्हा दिसल्या, पुन्हा धुतले. असे चार महिने चालले. कुत्रा बिचारा हाडकला. शेवटी घराला रंग देण्यासाठी पुस्तकांचे कपाट हलवले, तेव्हा मागच्या पोपडे सुटलेल्या भिंतीत छतापर्यंत गोचिडी बसलेल्या आढळल्या. ज्या आजीने मला अंगणात बसवून एकेक गोचीड शोधायला लावली होती, तिची नात चार महिने फक्त कुत्रा धूत होती. मलाही गोचीड अंगावरच राहते असे वाटत होते, भाषेने शिकवले होते तसे.

६

गोचीड हा फक्त जनावरांचा प्रश्न आहे, ही समजूत १९५७ मध्ये मोडली. कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर नावाच्या रानाच्या परिसरात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने पडू लागली. पीतज्वर आशियात आला की काय, अशी भीती प्रथम वाटली. १९५२ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, शोध घेतला. विषाणू नवाच निघाला, आणि तो पसरवत होती रानातल्या पाचोळ्यातली गोचीड. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी तिथेच उतरतात आणि ती जागा पुढे येणाऱ्याला धोक्याची होते. गुरांना तो ताप होत नाही. पण रानात चरायला नेलेली गुरे प्रौढ गोचिडींना भरपूर रक्त पुरवतात आणि त्यांची संख्या वाढवतात. जंगल तोडून गुरे आत नेणारा माणूस या साखळीचा बळी होता, तसाच तिचा एक दुवाही होता.

हा 'माकडताप' २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात पोचला. काजूच्या बागांत पाचोळ्यातून बिया वेचणारी माणसे त्याच्या तडाख्यात सापडली. माकड मेलेल्या जागेभोवती मॅलेथिऑन मारणे, रानात जाणाऱ्यांनी अंगाला कीटकरोधक तेल लावणे, घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून कपडे वेगळे धुणे, हे तेथील उपाय. २०११ मध्ये अहमदाबादजवळ क्रिमियन-काँगो तापाचे रुग्ण आढळले. तोही गोचिडीचा. रुग्ण स्त्रीबरोबरच तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिका यांचाही त्यात मृत्यू झाला. निदान पुण्याच्याच संस्थेने केले. अशा बातम्या आल्या की घबराट पसरते आणि कुत्री रस्त्यावर सोडली जातात. घराच्या अंगणात दिसलेल्या प्रत्येक गोचिडीत हे विषाणू नसतात, हे स्पष्ट सांगायला हवे. पण फुगलेली गोचीड नखांवर चिरडण्याची आपल्याकडची खोड या ज्ञानानंतर सोडलीच पाहिजे.

७

एवढा इतिहास पाहिल्यावर उपाय वेगळे सांगण्याची फारशी गरज उरत नाही. तरी विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ते नोंदवते. अंगावर चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढावी. तिला तेल, रॉकेल, काडीचा चटका देऊ नये. काढलेली गोचीड साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये बुडवावी, अंगणात फेकू नये. माणसाला गोचीड चावल्यानंतर ताप किंवा पुरळ आले, तर डॉक्टरांना गोचिडीचे आवर्जून सांगावे. न सांगितल्यामुळे निदान लांबते. घराभोवतीचे गवत आखूड ठेवावे, पाचोळा कुंपणाशी साचू देऊ नये, कुत्र्याची झोपायची जागा उन्हात असावी. गोठ्याच्या, खोलीच्या फटी बुजवाव्यात, भिंतींना चुना द्यावा. पूर्वीच्या लिंपणाचे काम आज सिमेंट करू शकते, पण सिमेंटलाही तडे जातात आणि ते दरवर्षी पाहावे लागतात.

औषध लागतेच. ते पशुवैद्याच्या सल्ल्याने, सांगितलेल्या प्रमाणात, हातमोजे घालून मारावे. जनावराबरोबर भिंत आणि जमीनही धरावी. आणि अंडी फुटण्याचा काळ धरून पुन्हा मारावे. दुभत्या गाईवर मारल्यास दूध किती दिवस वर्ज्य, हे विचारून घ्यावे. कुत्र्यासाठीची काही औषधे मांजराला प्राणघातक ठरतात, हेही लक्षात ठेवावे. अर्धवट मात्रेने वारंवार मारले की मरणाऱ्या मरतात आणि न मरणाऱ्यांचा वंश वाढतो. डेल्टामेथ्रिनला दाद न देणाऱ्या गोचिडी भारतात अनेक ठिकाणी नोंदल्या गेल्या आहेत.

यंदा वैशाखात तो विद्यार्थी भेटला. गाय गेल्यावर वडिलांनी औषधाची बाटली दुप्पट मात्रेने, उघड्या हातांनी मारली होती आणि ते दोन दिवस उलट्या करत होते. मग त्याने आणि त्याच्या आईने मिळून गोठा रिकामा केला, दगडी जोत्यातल्या फटी सिमेंटने भरल्या, भिंतींना चुना दिला आणि तीन कोंबड्या आणल्या. उरलेल्या एका गाईवर या पावसाळ्यात गोचिडी कमी दिसल्या. गेलेल्या नाहीत, असे त्याने मुद्दाम सांगितले. हप्ते अजून चालू आहेत.

मी यंदा नववा अध्याय शिकवला तेव्हा 'अशुद्ध' शब्दाचा अर्थ सांगण्याआधी वर्गाला विचारले, गोचीड कुणी जवळून पाहिली आहे? चार हात वर आले. त्यांना आधी बोलू दिले. बेडकापर्यंत पोचायला त्या दिवशी तास पुरला नाही.